मोत्या, तुला चीज चालेल का रे?

चीजच्या क्यूबवरचा चकचकीत कागद सोल. च्रर्र! एवढासा आवाज झाला आणि बघ, मोत्या हजर! मगाशी गॅलरीत घोरत होता ना? मग आता समोर बसून, मान वाकडी करून, शेपूट आपटत कोण बघतंय?

काय करायचं? द्यायचा त्याला एक तुकडा?

चल, आज मोत्याच्या पोटात डोकावून येऊ. तिथे अशा गमती आहेत की तू बघतच राहशील!

आधी चीजचं उत्तर सांगूनच टाकू. हो, बहुतेक कुत्र्यांना साध्या चीजचा छोटासा तुकडा चालतो. छोटासा म्हणजे किती? तुझ्या करंगळीच्या नखाएवढा! तोही रोज नाही, कधीतरी.

पण थांब. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध पाजलं, तर पुष्कळदा त्याचं पोट बिघडतं. आणि चीज तर दुधाचंच! मग दूध नको आणि चीज चालेल, हे कसं काय?

सगळी करामत साखरेची आहे. साखर न घालता दूध पिऊन बघ. तरी किंचित गोड लागतं ना? ती दुधाची स्वतःची साखर. तिचं नाव लॅक्टोज.

ही साखर म्हणजे खेळण्यातल्या आगगाडीचे जोडलेले दोन डबे समज. जोडलेले डबे आतड्यातून रक्तात शिरू शकत नाहीत. कुणीतरी त्यांची कडी सोडवावी लागते. ते काम करणारा रस आतड्यातच तयार होतो. त्याला म्हणतात लॅक्टेज. त्याने कडी सोडवली की दोन्ही डबे सुटे होतात आणि रक्तात शिरतात.

कुत्र्याचं पिल्लू आईच्या दुधावर वाढतं. तेव्हा त्याच्या पोटात लॅक्टेज भरपूर! पण पिल्लू मोठं झालं, आईचं दूध सुटलं, की लॅक्टेज कमी होत जातं. मग दुधातली साखर तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाऊन पोचते. तिथे जीवाणूंची पंगतच बसलेली असते! ते ती साखर फस्त करतात आणि त्यातून गॅस तयार होतो. शिवाय ही साखर आतड्यात पाणी ओढून घेते. झालं! पोटात गुडगुड आणि पातळ शी.

आता ओळख पाहू, असं आणखी कोणाचं होतं? अरे, माणसांचंच! जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात लॅक्टेज कमी झालेलं असतं. तुझ्या घरीही कुणीतरी म्हणत असेल, “मला बाई दूध सोसत नाही.”

मग चीज का सोसतं? घरी पनीर करताना बघ. लिंबू पिळलं की दूध फाटतं. पांढरे गोळे एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे. त्या पाण्याला निवळी म्हणतात. साखर पाण्यात विरघळते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून दुधातली बरीचशी साखर त्या निवळीबरोबर निघून जाते! चीज करतानाही तसंच होतं. त्यात जी थोडी साखर उरते, ती चीजमधले जीवाणू खातात. चेडरसारखं चीज तर महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात. इतक्या दिवसांत जीवाणू साखरेचं ताट चाटूनपुसून साफ करतात! पनीर ताजं असतं, म्हणून त्यात थोडी साखर राहतेच.

म्हणजे चीजची साखर गेली. पण दोन पाहुणे मागे राहिले. चरबी आणि मीठ!

जरा हिशेब करू या? बाजारातला चीजचा एक क्यूब साधारण २५ ग्रॅमचा असतो. त्यात जवळजवळ ७५ ते ८० कॅलरी. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. पाच किलोच्या छोट्या कुत्र्याला दिवसभरात लागतात ३५० ते ४०० कॅलरी. म्हणजे एका क्यूबमध्ये त्याचं दिवसाचं जवळजवळ पाचवा हिस्सा खाणं संपलं! तू एका दमात चार-पाच क्यूब खावेस, तसंच झालं की हे! तुझ्यासाठी एक क्यूब, मोत्यासाठी मात्र मेजवानी. म्हणून नखाएवढा तुकडा.

खूप चरबी एकदम पोटात गेली तर कुत्र्याचं स्वादुपिंड सुजू शकतं. स्वादुपिंड हा जठराजवळचा एक मऊ अवयव आहे. चरबी पचवणारे जोरदार रस तो तयार करतो. हे रस आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचे असतात. पण स्वादुपिंड सुजलं की ते आधीच कामाला लागतात. आणि कुणाला पचवायला लागतात, माहीत आहे? स्वादुपिंडालाच! बाप रे! कुत्र्याचं पोट फार दुखतं, उलट्या होतात आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. दिवाळीत चकली तळताना खाली पडलेले तेलकट तुकडेही म्हणून त्याला नकोत.

आणि चीजचे प्रकार तरी किती! फ्रान्समध्ये रोकफोर नावाचं एक चीज मिळतं. त्यात निळ्या-हिरव्या रेषा असतात. ती चक्क बुरशी! मुद्दाम वाढवलेली. माणसं मिटक्या मारत खातात. पण ही बुरशी असा एक पदार्थ तयार करते की त्याने कुत्र्याला कापरं भरू शकतं. निळं चीज मोत्याला अजिबात नाही. लसूण घातलेलं चीजही नाही. पिझ्झ्यावरचं चीजही नाही, कारण त्याच्या खाली सॉस, आणि सॉसमध्ये कांदा-लसूण लपलेले!

“कांदा? कांद्याने काय होतंय?” असं म्हणशील. आपल्याकडे तर कांद्यावाचून पान हलत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगा लावून उभे असतात. पण कांद्यात गंधकाचे काही पदार्थ असतात. ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात. इजा झालेल्या पेशी फुटायला लागतात आणि कुत्रा थकतो, धापा टाकतो. गंमत नाही हं ही! शिजवला, तळला, वाळवून पूड केली, तरी कांद्याचा हा गुण जात नाही. आणि त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. तोवर घरचे कांदाभजी विसरूनही गेलेले असतात!

आता एक वेगळाच प्रश्न. मोत्या भाकरी कशी काय खातो?

हसू नकोस! प्रश्न मोठा आहे. कुत्रा कुणाचा वंशज? लांडग्याचा. लांडगा काय खातो? शिकार! शेतात जाऊन ज्वारी पेरणारा लांडगा पाहिला आहेस का कधी? मग त्याच्या या नातवाला भाकरी पचते कशी?

स्वीडन देशातल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला. त्यांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे घेतले आणि त्यांचे जनुक ताडून पाहिले. जनुक म्हणजे काय? शरीराचं एक भलंमोठं पाकक्रियांचं पुस्तक असतं असं समज. आपल्या प्रत्येक पेशीत ते असतं. त्यातली एक पाककृती म्हणजे एक जनुक. भाकरीतला पिठूळ भाग पचवणारा रस कसा बनवायचा, याचीही एक पाककृती त्यात असते.

लांडग्याच्या पुस्तकात या पाककृतीच्या प्रती किती? फक्त दोन.

आणि कुत्र्याच्या पुस्तकात? सांग पाहू! तीन? पाच?

चारपासून थेट तीसपर्यंत!

एकच पाककृती पुन्हापुन्हा छापलेली! जितक्या जास्त प्रती, तितका जास्त रस. हा शोध २०१३ साली जगाला कळला. माणसं शेती करू लागली, ज्वारी-गहू खाऊ लागली. त्यांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या कुत्र्यांना उष्टं-खरकटं मिळू लागलं. ज्यांना ते पचलं, ते तगले. त्यांची पिल्लं वाढली, पिल्लांची पिल्लं वाढली. हजारो वर्षं हे चाललं. सैबेरियातला हस्की आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो मात्र शेतीवाडीपासून लांब राहिले. त्यांच्याकडे या प्रती खूपच कमी आहेत.

आणि ऐक, माणसाच्या पुस्तकातही अशा रसाच्या जादा प्रती असतात! आपला तो रस थुंकीत असतो. साध्या भाकरीचा एक घास तोंडात घे आणि गिळू नकोस, नुसता चावत राहा. हळूहळू घास गोड लागायला लागेल! तो रस पिठाची साखर करतोय ना! कुत्रा आणि माणूस, दोघेही एकाच भाकरीपायी बदलले. मला तर हे इतकं आवडतं की कुणी भेटलं की मी आधी हेच सांगत सुटते!

मग तुला वाटेल, इतकी वर्षं आपल्या पंगतीला बसलाय, तर आता त्याला आपलं सगळंच चालत असेल. तिथेच तर फसगत होते! भाकरीशी त्याची हजारो वर्षांची ओळख आहे. पण चॉकलेट? ते तर त्याला परवा परवा भेटलं!

चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनतं. त्या बियांत थिओब्रोमिन नावाचा पदार्थ असतो. आपण चॉकलेट खातो तेव्हा आपलं यकृत त्याचा निचरा करायला घेतं. सात ते दहा तासांत निम्मं थिओब्रोमिन गेलेलं असतं. कुत्र्याला तेवढ्यासाठी किती वेळ लागतो? सुमारे साडेसतरा तास! सकाळी सातला चॉकलेट खाल्लं, तर मध्यरात्र उलटली तरी निम्मं अंगातच.

मोरी तुंबली आणि वरून नळ चालू राहिला, तर काय होतं? पाणी साचत जातं. तसंच होतं त्याच्या अंगात. छाती धडधडते, उलट्या होतात, तो जागच्या जागी बसू शकत नाही. फार झालं तर झटके येतात. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं थिओब्रोमिन जास्त. कोको पावडरमध्ये तर खूपच जास्त. पाच किलोच्या कुत्र्याला त्रास व्हायला काळ्या चॉकलेटचे पंधरा-वीस ग्रॅमही पुरतात. म्हणजे दोन-तीन चौकोन!

आणि तो खातो कशाला मग? कारण त्याला गोड चव कळते! मांजराला गोड चव कळतच नाही, पण कुत्र्याला कळते. बिचाऱ्याला काय माहीत, गोडाच्या मागे काय दडलंय ते.

बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये तर आणखी एक ठक लपलेला असतो. त्याचं नाव झायलिटॉल. तो गोड लागतो, पण ती नेहमीची साखर नव्हे. आपलं शरीर त्याला बरोबर ओळखतं. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र फसतं! “आली, आली, साखर आली!” म्हणून ते रक्तातली साखर कमी करणारं इन्सुलिन भराभर सोडतं. पण साखर आलेलीच नसते! मग होती तीही कमी होते. पुष्कळदा अर्ध्या-एक तासातच कुत्रा लडखडायला लागतो. यकृतालाही धक्का बसू शकतो. काही पीनट बटरमध्येही झायलिटॉल असतं. म्हणून बरणीवरचं बारीक अक्षर आधी वाचायचं.

आता मी तुला एक रहस्यकथा सांगणार आहे. खरीखुरी! सरसावून बस.

द्राक्षं तुला आवडतात ना? नाशिकची हिरवी, रसाळ! आणि सांगली-तासगावकडचे बेदाणे? शिऱ्यात, खिरीत, पुलावात, कुठेही घाला. पण २००१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी इशारा दिला. द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी आपली गाळणी. ती थांबली तर जिवावरच बेतणार!

पण गुन्हेगार कोण? द्राक्षांवर फवारलेलं औषध? तपासलं, नाही. बुरशी? तीही नाही. बरं, कोडं आणखी अवघड असं की एक कुत्रा बचकभर द्राक्षं खाऊन मजेत शेपूट हलवायचा आणि दुसरा थोडीशी खाऊन आजारी पडायचा. डोकं चालेना कुणाचं! वीस वर्षं गेली.

मग एक दिवस धागा सापडला. कुठे? खेळायच्या मातीत!

एका कुत्र्याने घरी बनवलेली खेळायची रंगीत कणीक खाल्ली आणि त्याची मूत्रपिंडं बिघडली. लक्षणं अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी. पण कणकेत द्राक्षं कुठून येणार? मग कणकेत काय काय घातलं होतं ते पाहिलं. त्यात एक पांढरी पूड होती. तिचं नाव क्रीम ऑफ टार्टर. ती टार्टारिक आम्लापासून बनते. आणि टार्टारिक आम्ल कशात असतं?

द्राक्षांत!

केवढा लख्ख उजेड पडला असेल त्या पशुवैद्यांच्या डोक्यात! द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमी-जास्त होतं. म्हणजे एक कुत्रा वाचतो आणि दुसरा आजारी पडतो, त्याचंही उत्तर मिळालं. २०२१ साली त्यांनी ही कल्पना जगापुढे मांडली.

पण ती खरी कशी ठरवायची? कुत्र्यांना आजारी पाडून? छे छे! इथे मदतीला आला एक फार जुना कॉकर स्पॅनियल कुत्रा. १९५८ साली त्याच्या मूत्रपिंडातल्या थोड्या पेशी काढून शास्त्रज्ञांनी काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. त्यांचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतोय! कुत्रा केव्हाच गेला, पण त्याच्या पेशी अजून विज्ञान शिकवतायत.

या पेशींवर टार्टारिक आम्ल घातलं. पेशींना इजा झाली. माणसाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर घातलं. त्यांना काही नाही!

असं का? एखाद्या शाळेला आत यायचं फाटक आहे, पण बाहेर जायचं फाटकच नाही, असं समज. मुलं आत येत राहिली तर काय गर्दी होईल! कुत्र्याच्या पेशीत हे आम्ल शिरतं, पण बाहेर पडायची वाट मिळत नाही. आपल्या पेशींना ते बाहेरचं फाटक असतं. मग शास्त्रज्ञांनी भारीच गंमत केली. माणसाकडचं ते बाहेरचं फाटक कुत्र्याच्या पेशींमध्ये बसवून दिलं. आणि काय सांगू, पेशी वाचल्या!

थांब, अजून संपलं नाही. हे आम्ल आणखी कशात ठासून भरलेलं असतं? तुझ्या तोंडाला पाणी सुटेल. चिंचेत! गाभुळलेली चिंच, मीठ-तिखट लावलेली. तिचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची नोंदही त्या पशुवैद्यांनी केली. म्हणजे चिंच-गुळाची आमटी मोत्याच्या ताटलीत ओतायची नाही, आणि चिंचेखाली खेळताना तो चिंचा चघळत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. अमेरिकेतल्या खेळायच्या कणकेपासून निघालेला धागा आपल्या स्वयंपाकघरातल्या चिंचेच्या बरणीपर्यंत येऊन पोचला बघ!

समज, मोत्याने यातलं काही गपकन खाल्लंच, तर? लपवायचं नाही. लगेच घरातल्या मोठ्यांना सांगायचं. “बघू, काही होतंय का,” म्हणत वाट बघायची नाही. द्राक्षाचा किंवा कांद्याचा त्रास उशिरा दिसतो आणि डॉक्टरांना लवकर कळलं तर ते खूप काही करू शकतात. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं आणि मोत्याचं वजन किती, एवढं सांग. कागद किंवा पाकीट मिळालं तर तेही जपून ठेव. आणि हो, कुणी म्हटलं “मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल,” तर मुळीच पाजू देऊ नकोस. तेवढं मीठ कुत्र्याला फार घातक असतं.

आता तू म्हणशील, मग बिचाऱ्याने खायचं तरी काय? अरे, पुष्कळ काही! गाजर त्याला कुरुमकुरुम चावायला मिळतं. काकडी चालते. उकडलेला लाल भोपळा, साधा भात, उकडलेलं अंडं, बी काढलेल्या कलिंगडाची आणि सफरचंदाची फोड, सगळं थोडं थोडं. उकडलेली कोंबडीही चालते, पण हाडं काढून हं! शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात.

आणि नखाएवढ्या तुकड्याने त्याचं समाधान होईल का, ही काळजी तर सोडूनच दे. आपल्या जिभेवर चव घेणाऱ्या कळ्या नऊ हजारांच्या आसपास असतात. कुत्र्याच्या जिभेवर? साधारण १,७०० फक्त! पण नाक बघ त्याचं. वास ओळखणारे आपले ग्राहक पन्नास-साठ लाख, तर त्याचे वीस कोटींच्याही वर! त्याच्यासाठी खाण्याची खरी मजा हुंगण्यातच असते.

तर मग एक खेळ करून बघ. गाजराचे नखाएवढे सहा तुकडे कर. मोत्याला कुणाला तरी बाहेर धरून ठेवायला सांग. एक तुकडा पायपुसण्याखाली, एक खुर्चीच्या पायाशी, एक पडद्यामागे. बाकीचे कुठे ठेवायचे ते तुझं तू ठरव, पण सगळे लिहून ठेव. मग दार उघड आणि घड्याळ लाव. सहाही तुकडे शोधायला मोत्याला किती वेळ लागतो? उद्या जागा बदल आणि पुन्हा मोज!